नातेवाइकांना माहिती-टेबलाकडे आणावे

हुमनाबादच्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवते. आपत्ती म्हणून माझ्या वाट्याला आजवर जे आलं, ते म्हणजे दहावीचा निकाल. तरीही एके दिवशी वरून आदेश आला, की इन्सिडेंट कमांडचं, म्हणजे आपत्तीत कुणी कुणाचं ऐकायचं त्याचं, प्रशिक्षण आता सगळ्या खात्यांतल्या ठरावीक लोकांना सक्तीचं आहे, आणि आमच्या शाळेतून नाव गेलं ते माझं. मी हेडमास्तरांना विचारलं, "सर, मीच का?" ते म्हणाले, "मॅडम, तुमचा आवाज मोठा आहे." याच्यापेक्षा बरं कारण मला आजपर्यंत कुणी दिलेलं नाही.

प्रशिक्षण बिदरला होतं. हॉलमध्ये अग्निशमनवाले, लाइनमन, नर्सबाई, पंचायतीचे अधिकारी, होमगार्ड, तहसील कचेरीतले कारकून, आणि चुकून आल्यासारखे आम्ही काही मास्तर. शिकवणारे साहेब बेंगळुरूहून आले होते. ते बोलत कन्नड, पडद्यावर दिसे इंग्रजी, चहाच्या वेळी शंकासमाधान चाले दखनीत, आणि मी वहीत उतरवून घेत होते मराठीत. त्यामुळे वहीत जे आलं ते नेमकं कुणी सांगितलं होतं, हे मला संध्याकाळी सांगता येत नसे.

पडद्यावर चौकोनच चौकोन होते. सगळ्यात वर इन्सिडेंट कमांडर. त्याच्या हाताखाली एक जण प्रत्यक्ष काम करवून घेणारा, एक पुढचं ठरवणारा, एक सामान आणून देणारा. बाजूला लोंबकळल्यासारखे तीन छोटे चौकोन, त्यातला एक माहिती अधिकाऱ्याचा. तो चौकोन माझा. प्रत्येकाने फक्त आपल्या वरच्या एकालाच विचारायचं आणि त्या एकाचंच ऐकायचं. जो आधी पोचेल तो कमांडर, जास्त लायक माणूस येऊन समोरासमोर, तोंडाने बोलून ताबा घेईपर्यंत.

मी हात वर केला. "सर, आधी पोलीस शिपाई पोचला आणि मागून तहसीलदार आले, तर कमांडर कोण?"

"ताबा घेईपर्यंत शिपाईच."

हॉलमध्ये हशा पिकला. कचेरीतला एक कारकून सगळ्यात मोठ्याने हसला आणि मग तहसीलदार कुठं बसलेत ते मान वळवून बघू लागला. आमच्याकडं पंगतीत कुणी आधी बसायचं यावर अर्धा तास जातो. इथं आग लागलेली असताना शिपायाने तहसीलदारांना ‘थांबा’ म्हणायचं, हे मला पटत होतं की नव्हतं, हेही कळेना. साहेब म्हणाले, नुसतं पद मोठं असून भागत नाही, कोर्स झालेला पाहिजे. पहिला टप्पा घरी बसून कॉम्प्युटरवर, दुसरा इथं, दोन्ही पास झाल्याशिवाय आपल्या चौकोनाचं जॅकेट अंगात घालता येणार नाही. मी दोन्ही पास झाले. कशी, ते विचारू नका.

त्या सगळ्या गोंधळात दोन गोष्टी मात्र मला लख्ख समजल्या. एक, निरोप साध्या शब्दांत द्यायचा. मऊ करायचा नाही, गुंडाळायचा नाही. जखमी तो जखमी, मेलेला तो मेलेला. दोन, मॉक ड्रिलमधल्या प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला आणि शेवटी ‘हा सराव आहे’ असं म्हणायचं. सीमेवरच्या गावांसाठी हे वाक्य मराठीत कसं म्हणावं ते साहेबांनी मलाच विचारलं. मी उभी राहून माझ्या त्या मोठ्या आवाजात म्हणून दाखवलं. फार बरं वाटलं मला तेव्हा.

साध्या शब्दांत निरोप, ही गोष्ट मला एवढी का भिडली, ते सांगायला हवं.

माझे अप्पा गेले तेव्हा मी जनवाड्याच्या शाळेत होते. माहेर दुबलगुंडीला. धाकट्या भावाचा फोन आला, "अक्का, अप्पाला जरा जास्त हाय. तू निघून ये." आमच्याकडं मेल्याची बातमी फोनवर कुणी देत नाही. ‘जास्त आहे’ म्हणतात, ‘या फक्त’ म्हणतात, फारच खोदून विचारलं तर ‘काही झालेलं नाही’ म्हणतात. माणूस वाटेत कोसळू नये, धड घरी पोचावा, एवढाच हेतू. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. दुसऱ्यांच्या घरी मी स्वतः असले निरोप दिलेले होते. पण आपल्या अप्पांच्या बाबतीत ते खरंच ‘जास्त’ असेल असं मी धरून चालले. बिदरच्या स्टँडवर मी मोसंब्या घेतल्या. आजारी माणसाला रस बरा म्हणून चांगल्या रसाच्या, हातात तोलून निवडून घेतल्या.

घराच्या गल्लीत वळले तर ओसरीवर अप्पा बसलेले. पाठ भिंतीला टेकलेली, कपाळाला विभूती. मला इतका आनंद झाला, की मी चालता चालता पिशवी वर करून दाखवली. म्हटलं, उठून बसलेत, म्हणजे उतार पडला. मग गळ्यातला हार दिसला. आमच्या बसवण्णांना मानणाऱ्या घरांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवतात, आणि बसलेलंच मातीत नेतात. जन्मापासून बघितलेली गोष्ट, पण त्या घटकेला डोळ्यांनी दगा दिला. पिशवी कुणी माझ्या हातातून घेतली ते आठवत नाही. भावाला मात्र मी पुढं कितीतरी दिवस बोलून दाखवलं. तो बिचारा एवढंच म्हणायचा, "अव्वानंच तसं सांग म्हटली." अव्वा म्हणजे आमची आई.

म्हणून बिदरच्या त्या हॉलमध्ये ‘मेलेला तो मेलेला’ ऐकलं तेव्हा मला वाटलं, चला, निदान सरकारला तरी कळलं.

मग मॉक ड्रिल आलं. हुमनाबादच्या मैदानावर. हायवेवर गॅसचा टँकर उलटलाय असं धरायचं. मी नारिंगी जॅकेट घालून माहिती-टेबलावर. माझ्या मदतीला आमच्याच शाळेतले चित्रकलेचे सर, अतिशय सज्जन माणूस, कुणाला उभ्या जन्मात वावगं बोललेला नाही. जखमी व्हायला गावोगावचे लोक बोलावले होते, आणि नाश्ता आहे म्हटल्यावर माझा भाऊही आला होता. गावात त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्या दिवशी लाइट नव्हती. प्रत्येकाच्या गळ्यात एकेक कार्ड अडकवलं. लाल म्हणजे तातडीचा, पिवळा म्हणजे थांबू शकणारा, हिरवा म्हणजे चालता-फिरता, काळा म्हणजे मेलेला. भावाच्या वाट्याला काळं आलं. तो लांबूनच मला कार्ड दाखवून हसला. काळ्या कार्डवाल्यांना मैदानाच्या टोकाला लिंबाखाली नेऊन झोपवलं, वर पांढरी चादर टाकली, आणि कमांडर ड्रिल संपल्याचं जाहीर करेपर्यंत हलायचं नाही अशी ताकीद दिली. फोन आधीच सगळ्या कार्डवाल्यांचे काढून ठेवले होते.

आमच्या टेबलाचं काम म्हणजे नातेवाइकांना कळवणं. मी पत्रकारांच्या सोंगात आलेल्या दोघांना तोंड देत होते, म्हणून फोनचं काम सरांकडं दिलं. थोड्या वेळाने ते समाधानाने म्हणाले, "दुबलगुंडीचा झाला, मॅडम."

दुबलगुंडीहून आलेला माझा भाऊच होता. "काय सांगितलं तुम्ही?"

"सुरुवातीला ‘हा सराव आहे’ म्हटलं. मग पलीकडं म्हातारी बाई दिसली बोलण्यावरून. तिला तुमचा मुलगा मेला असं कसं म्हणू, मॅडम? खोटं असलं तरी जीभ वळत नाही. म्हटलं, घाबरू नका, पोराला जरा लागलंय, तुम्ही फक्त या."

खोट्या मरणालासुद्धा या माणसाने मऊ केलं होतं. भावाने फॉर्मात अव्वाचा नंबर दिलाय हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ती माझी आई आहे हेही. मी फोन लावला.

"अव्वा, काही झालेलं न्हाई."

"व्हय."

"अगं, खरंच काही न्हाई. त्याला काडीचं लागलेलं न्हाई."

"बरं."

"तू घरीच थांब. यायची गरज न्हाई, ऐकलीस का?"

 मग ती अगदी हळू बोलली. "तुझ्या अप्पाच्या वक्ताला तुला असंच सांग म्हणून मीच पोराला शिकवले होते, बाई. तू मला कामून फसवायलीस?"

फोन बंद. पुन्हा लावला, लागेना. तिचं बीपी वाढलेलं असायचं, गोळी चालू होती, जिना चढली तरी ओठ पांढरे पडायचे. ती आता काय करत असेल, रिक्षात नीट चढली असेल का, वाटेतच काही झालं तर, असं काय काय डोक्यात आलं. मी धावत कमांडरकडं गेले. "सर, माझी आई यायलीय, तिला वाटतंय की..."

कमांडर म्हणाले, "मॅडम, नातेवाइकांचा सीन अजून पुढं आहे. होमगार्डच्या दोन बायका ठरल्यात त्याला."

"सर, ती खरी आई आहे."

"हो, तसंच वाटलं पाहिजे," म्हणाले, आणि वॉकीटॉकीवर बोलू लागले.

आता मी काय करायला हवं होतं? त्यांच्यावर कुणाला सांगायचं? वहीत तर लिहिलेलं होतं, फक्त एकालाच विचारायचं. तो एक ऐकेना तर काय, हे साहेबांनी सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं होतं आणि मी तेव्हा चहा पीत होते. मी परत टेबलाशी येऊन उभी राहिले. फाटकाकडं बघत.

रिक्षा आली. तीत अव्वा आणि गल्लीतल्या तीन बायका. बायकांनी रडण्याचा जो सूर धरला होता तो मैदानभर गेला. फाटकावरच्या होमगार्डने शिकवल्याप्रमाणे, नातेवाइकांना अडवून न ठेवता माहिती-टेबलाकडे आणलं. गुण द्यायला आलेले निरीक्षक भराभर लिहू लागले. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "चांगल्या बायका आणल्यात."

अव्वा माझ्यासमोर उभी राहिली. ती रडत नव्हती. पदर एका हाताने घट्ट धरलेला, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. तिने माझ्या जॅकेटकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि मला, चाळीस पोरांच्या वर्गाला एका हाकेत गप्प करणाऱ्या मला, दुसरं काही सुचलं नाही. मी म्हटलं, "हा सराव आहे."

"कुठं ठेवलाव त्याला?"

मी लिंबाकडं बोट दाखवलं. मला म्हणायचं होतं की जा, बघ, मजेत पडलाय. पण बोट दाखवल्यावर ती जशी वळली, तेव्हा मी काय करून बसले ते मला कळलं. मी तिच्या मागं निघाले, तर चित्रकलेचे सर म्हणाले, "मॅडम, ताबा दिल्याशिवाय जागा सोडता येत नाही."

"घ्या मग. आता तुम्ही."

"नको मॅडम, तुम्ही असताना मी कसा..."

मी जॅकेट काढून त्यांच्या खांद्यावर टाकलं आणि पळाले.

लिंबाखाली ओळीने चादरी. अव्वाने पहिलीच उचलली, दुसरा निघाला. तिसऱ्या चादरीखाली भाऊ. डोळे मिटलेले, तोंड अर्धं उघडं. सकाळपासून सावलीत आडवा पडलेला तो माणूस गाढ झोपला होता. त्याला झोप लागली की बाजूला मोटार फुटली तरी कळत नाही, हे अव्वाइतकं कुणाला माहीत असणार? पण त्या दिवशी तेही तिच्या ध्यानात आलं नाही. ती एवढंच बघत होती, की पोर मातीत आडवं आहे. आणि ती ओरडली. त्या दिवसात पहिल्यांदा तिचा आवाज चढला.

"माझ्या लेकराला आडवं कामून टाकलाव? आपल्यात आडवं टाकतेत व्हय? बसवा त्याला! आधी बसवा!"

तिच्या आवाजात असं काही होतं, की कुणी विचारलं नाही ताबा कुणाचा. बायका पुढं झाल्या, दोन होमगार्ड धावले, मीसुद्धा, सगळं माहीत असलेली मीसुद्धा, त्याच्या काखेत हात घालून त्याला उचलू लागले. आम्ही त्याला लिंबाच्या बुंध्याला टेकवून नीट बसवलं. अव्वाने त्याचे पाय दुमडून मांडी घातली.

त्याने डोळे उघडले. "अव्वा? तू कधी आलीस? जेवलीस का?"

एक बाई किंचाळून फाटकापर्यंत पळाली. अव्वा जागची हलली नाही. तिने त्याचं कपाळ चाचपलं, छातीवर हात ठेवला, गळ्यातलं काळं कार्ड ओढून तोडलं. मग त्याच्या थोबाडीत दिली. मग उठली, मला गाठलं आणि मलाही दिली, तहसीलदारांच्या देखत. निरीक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या चालू असतानाच तिचे ओठ पांढरे पडले आणि ती खाली बसली. ड्रिलसाठी आणलेली नर्स खरीच होती, हे नशीब. तिने बीपी बघितलं, अव्वाला अँब्युलन्समध्ये पडायला लावलं, गोळी दिली. त्या अख्ख्या अपघातातला खरा पेशंट एवढा एकच. मी तिचा हात धरून बसले होते. मला स्वतःचा, त्या जॅकेटचा, साहेबांचा, सगळ्या चौकोनांचा संताप येत होता.

बऱ्याच वेळाने ती उठून बसली. कुणीतरी चहा आणून दिला. चहा बशीत ओतत तिने विचारलं, "काय शिकवलेत तुमाला हितं?"

"जे झालंय ते सरळ सांगायचं. मेलं तर मेलं म्हणायचं."

"फोनवर?"

"फोनवरबी."

तिने बशीतला चहा संपवला. मग म्हणाली, "मग माझ्या वक्ताला तसंच करा. धाकटीला सरळ सांगा. तिला मोसंब्या घेऊन यायला लावू नका."

मोसंब्यांचं तिच्या लक्षात आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी ‘हो’ म्हटलं.

धाकटी म्हणजे माझी बहीण, कलबुर्गीला दिलेली. तिला ही सगळी हकिगत कळली तेव्हा ती फोनवर हसून हसून बेजार झाली. भावाला मांडी घालून कसं बसवलं, सरांनी जॅकेट कसं नेसल्यासारखं गुंडाळलं, पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. त्यानंतर तिचा प्रत्येक फोन एकाच वाक्याने सुरू व्हायचा. "हा सराव आहे. अव्वा काय करायलीय?" अव्वासुद्धा शिकली. फोन ठेवताना म्हणायची, "सराव हाय, ठिव आता." मला प्रमाणपत्र आलं. नातेवाइकांच्या हाताळणीबद्दल आमच्या टेबलाला चांगले गुण पडले होते.

अव्वा यंदा श्रावणात गेली. सकाळी, झोपेतच. भावाने मला बोलावून घेतलं, आम्ही दोघं तिच्याजवळ थोडा वेळ बसलो, आणि मग भावाने फोन माझ्यापुढं धरला. म्हणाला, "तूच कर. तू शिकलीस."

मी ओसरीवर आले. बहिणीने फोन उचलला आणि नेहमीच्या लाडिक आवाजात म्हणाली, "हा सराव आहे. बोल अक्का."

मी म्हटलं, "अव्वा गेली. सकाळी झोपेतच गेली. आम्ही दोघं हितंच हाव."

 मागं तिच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "अक्का, सराव हाय म्हण."

मी गप्प राहिले.

"म्हण की, अक्का. एकदा म्हण."

माझ्या तोंडात ते वाक्य आलं होतं. पण अव्वाला दिलेला शब्द होता, आणि मी तो पाळला. फोन तिकडूनच बंद झाला.

ती दुपारी पोचली. तोवर आम्ही अव्वाला बसवलं होतं, विभूती लावली होती. मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. ती वळणावरून आली, ओसरीकडं एकदाच बघितलं आणि नजर खाली करून चालत राहिली. ती क्षणभरही फसली नाही. माझ्यापाशी येऊन थांबली. कलबुर्गीपासून बसमध्ये रडून तिचा चेहरा सुजला होता. कंडक्टरने पाणी दिलं, शेजारच्या बाईने खांद्यावर डोकं टेकू दिलं, असं तिने नंतर सांगितलं. तेव्हा ती एवढंच बोलली.

"तुला जनवाड्यापासून घरापर्यंत तर अप्पा होते, अक्का. माझी अव्वा कलबुर्गीतच गेली."

मी अव्वाचं ऐकलं, की शिकवलेलं पाळलं, की तो जुना राग कुणावर तरी काढला, मला सांगता येत नाही. मी तिच्या हातातलं सामान घ्यायला हात पुढं केला. तिने काहीच आणलं नव्हतं.